सातव्या क्रमांकाची बाटली

तीर्थस्वरूप मामांना,

गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुमचा रक्तदाब, तुमचा डावा कान आणि तुमचं कुत्रं, तिघंही ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे सगळं बरं. सौ. मजेत आहे. (जरा जास्तच मजेत आहे. गेल्या रविवारपासून भांडी घासताना गुणगुणते. कारण विचारलं तर 'कुठे काय' म्हणते.)

पुढच्या महिन्यात तुमची पंचाहत्तरी आमच्या घरी व्हायची, चाळीस माणसं जेवायला यायची, आणि तुम्ही मला दिलेली ती नेबिओलो या इटालियन वाइनची महागडी बाटली त्या दिवशी आपण दोघांनी मिळून उघडायची, हे तर ठरलेलंच आहे. मी वजनमापे खात्यात पहिल्या श्रेणीचा निरीक्षक झालो तेव्हा ती तुम्ही माझ्या हातात ठेवलीत आणि बारा वर्षं हात लावायचा नाही म्हणून बजावलंत. मी लावला नाही. फक्त दर रविवारी फळीवरून खाली काढायची, पुसायची, खिडकीच्या उजेडात धरून रंग बघायचा आणि वहीत नोंद करायची, एवढंच. अलीकडे तिच्यात सुरेख विटकरी झाक आली होती. जाणकार म्हणतात, या द्राक्षाची वाइन पिकत चालल्याची ती खूण. (एका वर्षी रंग एकदम उजळला. तेव्हा 'वाइनने कात टाकली' अशी नोंद मी केली आहे.) असो. त्या बाटलीबद्दल पुढे येतोच.

प्रश्न होता चाळीस माणसांचा. त्यांनाही नेबिओलोच पाजायची असा माझा हट्ट, पण ती परवडायला हवी. आता ही नेबिओलो म्हणजे चमत्कारिक चीज आहे. दिसायला इतकी फिकी की आमच्या खात्यातला कुणीही पहिल्या नजरेत पाणी घातल्याचा गुन्हा नोंदवेल, आणि तोंडात घेतली की हिरड्या अशा आवळतात की माणूस दोन मिनिटं खोटंसुद्धा बोलू शकत नाही. तिला डांबराचा आणि गुलाबाचा वास येतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. (आमच्या बागेसमोरचा रस्ता नवा केला तेव्हा हे दोन्ही वास आठवडाभर फुकट येत होते. कुणी कौतुक केलं नाही.) नामांकित डोंगरउतारावरच्या द्राक्षांची वाइन वर्षानुवर्षं तळघरात झोपवतात आणि मग तिच्या झोपेचेही पैसे लावतात. तेच द्राक्ष समोरच्या साध्या उतारावर पिकलं, लवकर बाटलीत भरलं, की किंमत सहाव्या हिश्शावर येते. फरक वाइनमध्ये किती आणि चिठ्ठीवरच्या सोनेरी अक्षरांत किती, हे तपासायला सरकारने माणूस नेमलेला नाही. म्हणून मी स्वतःला नेमलं.

सहा दुकानं पालथी घालून सहा स्वस्त बाटल्या आणल्या आणि रविवारी दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत चाचणी ठेवली. परीक्षक तिघे. मी, ताई (तुमची भाची, ती वाइनला तोंडावर दारू म्हणते), आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांनी वाइनचा टपालाने अभ्यासक्रम केला आहे आणि तो ते विसरू देत नाहीत. आमच्या खात्यात नमुना कुणाच्या दुकानातला हे तपासणाऱ्याला कधी कळू द्यायचं नसतं. तोच नियम मी घरात लावला. बाटल्या स्वयंपाकघरात सौ.ने उघडायच्या, खाकी कागदात गुंडाळायच्या, वर क्रमांक टाकायचा. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभागाची प्रमुख आहे, त्यामुळे काम असं झालं की कागदाला एक सुरकुती शोधून सापडू नये. प्रत्येकीला दहापैकी गुण, गुणांना किमतीने भागायचं, आणि उत्तर सर्वात मोठं येईल ती बाटली तुमच्या पंचाहत्तरीला. एकदा गुण लिहिले की खाडाखोड नाही, हेही मीच जाहीर केलं.

सुरुवात बरी झाली. पहिलीत डॉक्टरांना चेरी सापडली, दुसरीत चामडं, आणि त्यानंतर त्यांना जे जे सापडत गेलं ते ऐकून ताईने विचारलं की तुम्ही पेशंटच्या तोंडातही एवढं सगळं शोधता का. तिसरी मात्र, मामा, काय सांगू! गुलाब म्हणजे गुलाब, तुरटपणा कसा अदबीचा, आणि घोट उतरल्यावरही चव रेंगाळत राहते. मी साडेनऊ दिले. चौथी, पाचवी, सहावी यथातथाच. मी वही मिटणार इतक्यात सौ. आतून सातवी घेऊन आली. म्हणाली, एक जास्तीची आणली होती, बघा जमली तर. मी एक घोट घेतला. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, त्या बघून मी दुसरा घेतला आणि माझी खात्री पटली. कडक, कोरडी, उर्मट चव. मी उभा राहून सांगितलं की ही वाइन नव्हे, दौत धुतलेलं पाणी आहे, हिला नेबिओलो म्हणणं हा दखलपात्र गुन्हा आहे. दोन गुण दिले, तेही बाटलीच्या काचेला. डॉक्टरांनी मान डोलावली. ताईला असा ठसका लागला की ती पदर तोंडात कोंबून गॅलरीत गेली. आणि मी, चाळीस वर्षांच्या नोकरीत सदोष माल जागच्या जागी नष्ट करणारा मी, सातवी बाटली स्वतःच्या हाताने बेसिनमध्ये उपडी केली. शेवटच्या थेंबापर्यंत.

तेव्हापासून माझे विचार फार बदलले आहेत. जुनं ते महाग आणि महाग ते चांगलं, हा निव्वळ व्यापाऱ्यांचा कावा आहे असं माझं ठाम मत झालं आहे. आपल्यासारख्या समजदार माणसांनी एका बाटलीत जीव अडकवून घेऊ नये. माणूस महत्त्वाचा. आपला लोभ महत्त्वाचा. तो बाटलीत मावत नाही.

कुत्र्याच्या डोक्यावरून माझ्या वतीने हात फिरवावा.

तुमचा, वयाने वाढलेला पण अजून तुमच्यापुढे चड्डीतच असलेला,
भाचा

ता. क. : कागद सोडले तेव्हा सातवी बाटली तुमची निघाली. सौ. म्हणते, फळीवरून उतरवताना घाईत गल्लत झाली. मी तिला एका शब्दाने बोललो नाही, कारण ओतली मी. मामा, मी चार रात्री झोपलेलो नाही. तुम्ही विश्वासाने दिलेली एक वस्तू मला सांभाळता आली नाही, आणि चव घेऊनही ओळखता आली नाही, यातलं जास्त लाजिरवाणं कोणतं ते ठरत नाही. एवढीच विनंती, की पंचाहत्तरीला चारचौघांत ती बाटली मागू नका. तुमच्या डॉक्टरने मनाई केली आहे म्हणा. तिसऱ्या क्रमांकाची वाइन खरंच उत्तम आहे.

ता. क. २ : मामा, नमस्कार. पाकीट बंद करायला ह्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी. सहा वर्षांपूर्वी मला बढती मिळाली, तेव्हा ती बाटली आपण उघडू या असं मी म्हटलं होतं. हे म्हणाले, असल्या कारणासाठी नाही ती. मग हे दौऱ्यावर गेल्यावर ताईंनी आणि मी उघडली. पुन्हा बूच आणि सील बसवणं हे तर माझं रोजचं काम. आत काळा चहा भरला होता, दर वर्षी न चुकता बदलत होते. तुम्ही येणार म्हटल्यावर तिचा निकाल लावणं भाग होतं. त्या रविवारी सकाळी चहा ओतून दिला आणि तिच्यात दुसरी वाइन भरली. तिसऱ्या क्रमांकाच्या मी दोन बाटल्या आणल्या होत्या.

तुमची वाइन फार चांगली होती, मामा. आम्ही दोघींनी बाटलीत थेंबही ठेवला नाही. पुन्हा तशी आणलीत, तर माझ्या हातात द्या.