ळ आला की थांबायचं

जांभूळटोला
७ डिसेंबर २००३

प्रिय कहकशाँ,

नवं धान यायला लागलंय. तुझ्या अब्बांनी इंजिनला नवा पट्टा चढवला आणि गिरणी सुरू झाली. आता होळीपर्यंत घर असंच थरथरत राहील. ताटल्या मांडणीवर आपोआप सरकतात, त्यांना मी पूर्वीसारखं फडकं लावून ठेवलंय. यंदा मला हा आवाज बरा वाटतो. कुणी काही विचारलं तरी ऐकू आलं नाही म्हणता येतं. बाया टोपल्या घेऊन येतात, हातानेच खुणा करतात, मी मानेने हो-नाही करते, दिवस जातो. ईदला तू आली नाहीस, चाचणी होती, ते बरोबरच झालं. दोघं धाकटी मागे लागली म्हणून शीरखुर्मा केला होता. सगळ्यांनी खाल्ला. गोड झाला होता की नाही, ते मला सांगता येणार नाही.

मुख्य बातमी जोयाची आहे. अब्बांनी ठरवलंय, सलमान आणि जोयाला चामोर्शीला तुझ्या फुफीकडे ठेवायचं आणि तिथल्या शाळेत घालायचं. ते म्हणतात, शाळेसाठी. फुफीच्या घरापासून दवाखाना चालत जाण्याइतका जवळ आहे, हे ते बोलत नाहीत आणि मीही बोलत नाही. मागच्या सोमवारी मी दोघांना घेऊन गेले होते. सलमानचं काम लगेच झालं. गणित घातलं, वाचायला लावलं, सातवीत घेतो म्हणाले. मग जोयाला पुस्तक दिलं. ती भरभर वाचायला लागली, तुला माहीत आहे किती मोठ्याने वाचते ती. आणि ‘सकाळ’ शब्द आला, तशी ‘सका’ म्हणून थांबली. तोंड उघडं, आवाज नाही. मग पुढचा शब्द. ‘आभाळ’ आला, ‘आभा’ म्हणून थांबली. ‘शाळा’ हा शब्द तर तिने ‘शा’ म्हणून, एक श्वास थांबून, ‘आ’ म्हणून पुरा केला. वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. गुरुजी माणूस वाईट नाहीत, तेही हसले. “काय जी बाई, ही पोरगी अक्षरं खाते, घरी जेवाले भेटत नाई का इले?” मग मला बाजूला घेऊन म्हणाले, जीभ अडते का हिची, डॉक्टरले दाखवलं का? संक्रांतीनंतर परत आणा, नीट वाचलं तर तिसरीत घेतो, नाई त पहिलीत बसवावं लागन.

आठ वर्षांची पोर पहिलीत बसवली तर ती दुसऱ्या महिन्यात पळून घरी येईल. आणि आता तिला घरी ठेवायला अब्बा तयार होणार नाहीत.

आता जे लिहिते आहे त्यातलं निम्मं तुला माहीत आहे. तरी लिहिते. बोलताना माझ्याकडून आजकाल क्रम लागत नाही, कागदावर लागतो.

आपली शाळा कशी सुरू झाली ते तुला आठवत असेल. इथल्या एका खोलीच्या शाळेत गुरुजी यायचे ते नाल्याच्या पाण्यावर अवलंबून. पाणी असलं की नाही, आणि पाणी नसलं की त्यांना दुसरं काम. तू सहा वर्षांची होतीस. मी गिरणीच्या ओसरीवर परातीत कोंडा पसरला आणि तुझं बोट धरून पहिलं अक्षर काढलं. कोंड्यात चुकलं तर हात फिरवला की झालं, पाटी पुसायला नको. मग एकामागून एक लेकरं होत गेली आणि मला सगळ्यांना पुरे पडेना, तेव्हा मी तो नियम केला: ज्याला येतं त्याने आपल्या खालच्याला शिकवायचं. मी तुला, तू बिलालला, बिलालने सलमानला. सलमानने जोयाला शिकवायचं होतं, पण तो दोन ओळींत चिडून तिच्या अंगावर कोंडा उडवायचा, म्हणून जोयाही बिलालकडेच आली. जेवणानंतरचा तास बिलालचा. तू सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी पास झालीस तेव्हा तालुक्याहून पेढे आणायला तोच सायकलवर गेला होता. परत येताना डबा उघडून चार खाल्ले आणि म्हणाला, “दीदी की पढाई में मेरी भी मेहनत है, मैं उसके सामने चुप बैठता था.”

आणि ‘ळ’ची गंमत तर आपल्या घरात नेहमीचीच. आपण घरी हिंदी बोलतो, त्यात ळ नाही, ल आहे. गावात सगळे र म्हणतात, डोळ्याला डोरा, जवळला जवर. गावाच्या नावाच्या पाटीवर जांभूळटोला लिहिलंय, लोक जांभूरटोला म्हणतात, अब्बा जामुनटोला म्हणतात. म्हणजे आपल्या लेकरांना ळ भेटतो तो फक्त पुस्तकात. मलाही राजुऱ्याच्या शाळेत वर्षभर आला नव्हता. शेजारी बसणारी गिरजा माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावायची. तुला मी तो पावसाळ्यात शिकवला, गिरणी बंद होती, घर इतकं शांत होतं की पागोळ्या ऐकू यायच्या. तू म्हणाली होतीस, “अम्मी, ये अक्षर में जीभ करवट लेती है.” तेच तू बिलालला सांगितलंस आणि त्याचा ळ घरात सगळ्यांत चांगला झाला. मुद्दाम गिरणीत पाखडायला येणाऱ्या सोनीबाईसमोर जाऊन “सोनीबाई, तुमची काळी शेळी केळी खाते” म्हणायचा. ती सूप आपटून म्हणायची, “काऊन रे बिलाल, तोंडात बोर ठिवून बोलून राह्यला का? नीट शेरी म्हण, शेरी!” मग तो तिला ळ शिकवायला बसायचा आणि ती त्याला शिव्या द्यायची. शेवटी दोघं हसायचे.

जोयाला मात्र त्याने वाचायला शिकवलं ते मागच्या हिवाळ्यात, ऐन धानाच्या दिवसांत. तू तेव्हा ब्रह्मपुरीला शिकायला होतीस. दुपारी गिरणी थांबायची नाही, बाहेर बैलगाड्यांची रांग. ओसरीवर ओरडलं तरी ऐकू येत नव्हतं. तर त्याने काय केलं, तो तोंडाने अक्षर करून दाखवायचा आणि ती त्याच्या ओठांकडे बघून शिकायची. प, म, ब ओठांवर दिसतात. त, द दातांवर दिसतात. बरीच अक्षरं अशी दिसतात म्हणे, मला त्यानेच दाखवलं. न दिसणारीही तिने त्याच्या गळ्यावर हात ठेवून पकडली. पण ळ कुठेच दिसत नाही. तो तोंडाच्या आत, वर, मागे होतो. म्हणून ळ आला की बिलाल थांबायचा, तोंड उघडून तिला वळलेली जीभ दाखवायचा आणि मग पुढे जायचा. जोयाने त्याचा अर्थ असा घेतला की ळ आला की थांबायचं असतं. तोंड उघडायचं, एवढंच, मग पुढे. पूर्ण पुस्तक तिने तसंच पाठ केलं. गिरणी बंद झाल्यावर एका संध्याकाळी तिने वाचून दाखवलं तेव्हा बिलाल जमिनीवर लोळून हसला. मी म्हटलं, अरे, शिकव तिला नीट. तर म्हणाला, “रहने दे ना अम्मी, सीझन निकलने दे. धान खतम हुआ कि मैं ठीक करता.” मग धान संपलं, मोहफुलं आली, मग तेंदू. उन्हाळ्यात तू आलीस तेव्हा पुस्तक कुणाच्या हातात नव्हतं, म्हणून तुझ्या कानावर हे पडलं नाही. तो म्हणाला, पाऊस लागू दे, दुपारी मोकळाच असतो.

पावसाळ्यात नाला भरलेला असतानाच ताप आला. पहिल्या दिवशी आपण सगळे जसं करतो तसं केलं, गोळी दिली, गोधडी घातली. तिसऱ्या दिवशी तो मला ओळखेना. जीप येणार नव्हती. चैतूने आपल्या घरची खाट काढली, तो आणि अब्बा आणि गावातले आणखी दोघे खाट खांद्यावर घेऊन पाण्यातून गेले. मी या काठावर उभी होते. पाणी त्यांच्या छातीपर्यंत होतं आणि खाट सपाट होती, एकदाही वाकडी झाली नाही, ते मी बघत होते. दवाखान्यात म्हणाले, हिवताप डोक्यात गेला. हे सगळं तुला अब्बांनी सांगितलंच आहे. तू पोचलीस तेव्हा सगळं झालं होतं. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस आणि मी तुझ्या वेणीची रिबन सुटलीय ते बघत होते. तुला वाईट वाटलं असेल. मला तेव्हाही काही झालं नाही आणि अजून होत नाही. अंगाखाली दुमडून पाय बधिर होतो तसं आहे, आपलाच पाय, पण हात लावला तर दुसऱ्याचा.

लेकरं अजून जेवणानंतर ओसरीवर जाऊन बसतात. कुणी सांगत नाही. परात मध्ये असते. बसतात, थोड्या वेळाने उठून खेळायला जातात. मीही मोडत नाही ते.

चामोर्शीहून परत येताना जीपमध्ये, नाला ओलांडल्यावर, जोया म्हणाली, “अम्मी, सर को मालूम नहीं क्या, ळ में रुकते?” मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिला समोर घेऊन बसले. मला ळ येतो, मी शिकवू शकते, यात कठीण काही नाही. तिने ‘बाळ’ वाचलं. ‘बा’ म्हणून थांबली, तोंड उघडलं, जीभ मागे वळवली आणि डावी भुवई वर नेली. कहकशाँ, ती भुवई तिची नाही. जोयाची भुवई तशी कधीच जात नाही. तोंड दाखवताना तो भुवई वर करायचा, तेही ती अक्षराबरोबर शिकली आहे. तेवढ्यापुरता तिचा सगळा चेहराच त्याचा होतो आणि मग पुढच्या शब्दाला जोया परत येते. मी पुस्तक मिटलं आणि तिला अंडी बघायला पाठवलं.

सलमानला म्हटलं, तू शिकव. तो म्हणाला, “मेरेकू नहीं आता.” येतं त्याला. अब्बांना मराठी वाचता येत नाही, ते फक्त ओसरीच्या खांबाला टेकून तिचं वाचणं ऐकतात, आजकाल रोज ऐकतात. सोनीबाई काल धान पाखडताना मला म्हणाली, “खातूनबाई, पोरीले शिकव ना वो. तुह्या पोरानं सांगतलं होतं का आपण करीन म्हणून? आता कोनी तरी कराच लागन ना.” आणि मग माझ्याकडे न बघता हळूच, “माह्याजवर बी तो एक अक्षर अर्धं ठिवून गेला.”

म्हणून हे पत्र. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी तू ये. नियम माझाच आहे, खालच्याला वरच्याने शिकवायचं, आणि बिलालच्या वर तू आहेस. त्याचं राहिलेलं काम तुझ्याकडे येतं. पण आल्याबरोबर सुरू करू नकोस. आधी एकदा तिला तिच्या पद्धतीने पूर्ण धडा वाचू दे, शेवटपर्यंत, मध्ये टोकू नकोस. तू अजून ते ऐकलेलं नाहीस, आणि नंतर ते कुणालाच ऐकायला मिळणार नाही. मग तिला शिकव. माझ्या मनात आलं होतं, तू शिकवायला बसलीस की अब्बांना गिरणी चालू ठेवायला सांगावं, म्हणजे माझ्या कानावर काही येणार नाही. पण तो आवाज होता म्हणूनच तर हे असं झालं. त्या आवाजात ळ शिकवता येत नाही. तेव्हा अब्बांना सांगून ठेवलंय, त्या दिवशी गाड्या कितीही उभ्या असोत, दुपारी गिरणी बंद. ते हो म्हणाले. घरात सगळ्यांना ऐकू येईल. मी ओसरीच्या दारातच बसेन.

तुझीच,
अम्मी