ह्यांची टेकडी

५ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे! आठवड्यासाठी भाड्याने घेतलेलं हे घर तीनशे वर्षांचं म्हणे. दार इतकं बुटकं की आत शिरताशिरताच ह्यांनी कपाळ आपटून घेतलं. किल्ली द्यायला आलेल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "सगळं मूळचं आहे हो. या पलंगावर एक सेनापती झोपला होता." झोपला असेल. दुसऱ्या दिवशी लढाई हरला असणार – गादीही मूळचीच आहे.

ह्यांच्या हृदयाची झडप बिघडली आहे. डॉक्टर म्हणाले, चढावर दम लागत असेल तर ऑपरेशन अजिबात लांबवू नका. ह्यांचं उत्तर – "दम? मला? आठवडाभर टेकडी चढून दाखवतो, मग बोलू!" जन्मभर शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस. कोण समजावणार!

६ ऑक्टोबर
सकाळीच काठी, टोपी, बाटली घेऊन स्वारी निघाली. मला चालायचा मनस्वी कंटाळा. पुस्तक घेऊन बसले. हे जेवायच्या वेळेला हजर. "माथ्यावर जाऊन आलो. दम नाही, काही नाही!" बुटांचा चिखल फरशीभर. पुसला मीच.

७ ऑक्टोबर
पुन्हा माथा. पुन्हा चिखल. वरून म्हणे दोन तळी दिसतात. मुलीला फोनवर ऐकवलं, "तुझ्या डॉक्टरला सांग, मी ठणठणीत आहे." मग ती मला – "आई, खरं का गं?" म्हटलं, बूट येऊन बघ त्यांचे.

८ ऑक्टोबर
थंडी. पुस्तक संपलं.

९ ऑक्टोबर
पांघरूण आणायला माळ्यावर गेले. तिथे मागच्या बाजूला एक हातभर खिडकी आहे. सहज डोकावले. कुंपणाच्या भिंतीआड, घरापासून हाकेच्या अंतरावर, हे दगडावर बसलेले. हात छातीवर. बराच वेळ तसेच. मग वाकून काठीने डबक्यातला चिखल उचलला आणि बुटांना फासला. आधी डाव्याला, मग उजव्याला. अगदी टाचेपर्यंत, नीट.

आधी मला हसूच आलं. मग पांघरूण न घेताच खाली आले.

आल्यावर म्हणतात, "आज वर काय वारा होता!" मी म्हटलं, "हो का?" आणि ताट वाढलं. फरशी पुसली नाही.

१० ऑक्टोबर
"अहो, आज मीपण येते." चेहराच पडला. "तुला जमायचं नाही, चढ आहे." – "बघू की."

भिंतीपाशी पोचलो. मीच त्या दगडावर बसले, सरकून जागा केली. म्हटलं, "बसा." बसले. काय समजायचं ते समजले. म्हणाले, "ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं आणि पुन्हा उठलोच नाही तर?"

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. मीही घाबरलेय. तसं सांगून टाकलं.

११ ऑक्टोबर
मुक्काम अर्धवट टाकून निघालो. घरी नाही – थेट हॉस्पिटलात. पेट्रोलसाठी थांबलोय, म्हणून या दोन ओळी. गाडी मी चालवतेय. हे शेजारी बसलेत, आणि एकाही वळणावर माझ्यावर ओरडले नाहीत.