चिमणीसाठी गाडी

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनच्या घंटेला आई दचकते म्हणून तू फोनच काढून टाकलास, हे ऐकून ह्यांनी कपाळाला हात लावला. मला मात्र बरं वाटलं. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही.

आता खुर्चीत बसून पुढचं वाच. अठरा मार्चला मी आपल्या गावी येते आहे, एका दिवसापुरती. हे निवृत्त झाले म्हणून आम्ही क्रूझला निघालो आहोत. बारा दिवसांत सात बंदरं, त्यातलं पाचवं आपलं. छापील कागदावर आपल्या गावाचं नाव दिसलं आणि मी त्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागतं आणि दुपारी साडेचारला सगळ्यांनी परत चढायचं.

जहाजवाल्यांच्या स्वतःच्या बस असतात, पण त्या दीपगृह दाखवतात, बाजारात सोडतात आणि परत आणतात. आपल्या घराचा चढ त्या कशाला चढतील? म्हणून तू एक खासगी गाडी ठरव. माणसं चार: आम्ही दोघं, माझी नणंद आणि तिचे यजमान. ह्यांना एकच धास्ती आहे. जहाजाच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, खासगी गाडीने गेलेल्यांसाठी थांबत नाही. शिडी उचलली की संपलं. तेव्हा गाडीवाला वेळेचा पक्का बघ, तुझ्यासारखा.

अकरा वर्षं झाली गं. आईला एवढ्यात सांगू नकोस, दिवस मोजत बसेल.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढला तर माझी तक्रार नाही.

तुझी,
चिमणी


ता. १६ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
अ. आ.

पत्र आलं तेव्हा मी आईला औषध देत होते. पुढचे दोन डोस एकदमच दिले की काय, अशी मला दिवसभर शंका. आनंद झाला की माझं डोकं असं चालतं, तुला ठाऊक आहे.

गाडी ठरली. गाडीवाल्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण वीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली आणि अजूनही गाडी सुटण्याआधी तो माणसं मोजतो. त्याची सात जणांची गाडी आहे आणि तिचं मागचं दार रुंद आहे. बंदराच्या आत बाहेरच्या गाडीला पास लागतो. त्यासाठी जहाजाचं नाव, तुमची चौघांची नावं, गाडीचा नंबर आणि मास्तरांच्या लायसन्सची नक्कल, असं सगळं चार दिवस आधी द्यावं लागतं. मी दोनदा जाऊन आले. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, पाहुणे कोण. बहीण म्हटल्यावर तो म्हणाला की बहिणीला पाहुणी लिहिता येत नाही, प्रवासी लिहा. लिहिलं.

मास्तर साडेआठला धक्क्यावर तुझ्या नावाची पाटी धरून उभे राहतील. तिथून घर सव्वा तासावर. दहाच्या सुमारास तुम्ही इथे. जेवून, बसून अडीचला निघालात तरी पावणेचारला बंदरावर. आईला तिकडे आणता येणार नाही, खुब्याच्या दुखण्याने तिला गाडीत बसवत नाही.

आणि आईचं आधीच सांगून ठेवते, म्हणजे दारात येऊन गोंधळायला नको. वर्ष झालं, ती मला चिमणी म्हणते. सुरुवातीला वाटलं जीभ घसरली असेल. तसं नाही. तिच्या लेखी तिला रोज उठवणारी, न्हाऊ घालणारी, केस विंचरणारी ती तू. ताई म्हणजे दूर कुठेतरी सुखात राहणारी, कधीच न येणारी. मी दोनदा समजावायला गेले, तर ती रडायला लागली, की चिमणे, म्हाताऱ्या माणसाची अशी थट्टा करू नये. डॉक्टर म्हणाले वाद घालू नका. मी घालत नाही. एकसष्टाव्या वर्षी धाकटी झाले, हे काय कमी आहे.

पण मनात एक आस आहे. तू आलीस आणि आपण दोघी तिच्या पलंगाशी शेजारी शेजारी उभ्या राहिलो, तर तिला तुझा चेहरा ओळखू येईल. आणि ही चिमणी, तर मग ही दुसरी कोण, एवढा तरी प्रश्न तिला पडेल. तिच्या तोंडून मला एकदा ताई अशी हाक ऐकायची आहे. त्यासाठी तुझा हा दिवस मला हवा आहे. बाकी काही आणू नकोस.

लोभ करतेसच, तो घेऊन ये.

तुझी,
ताई


ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तू केलेली खटपट वाचून ह्यांनी तुला मनापासून धन्यवाद सांगितले आहेत. एक छोटासा बदल कर. वन्सं आणि त्यांचे यजमान पहिल्यांदाच आपल्याकडे येत आहेत. त्यांना आल्या आल्या एकदम घरी न्यायचं म्हणजे अवघड वाटतं. आधी दीपगृह, मग जुना बाजार, आणि मग बाराच्या सुमारास घरी. दोन तास तर निवांत मिळतील.

आईबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. ह्यांना दाखवलं नाही. त्यावर भेटीत बोलू.

लोभाला माझ्याकडून कधी खंड नाही, पत्रांना पडतो.

तुझी,
चिमणी


ता. १७ मार्च

मास्तर यांस,
स. न.

उद्याचा पास या चिठ्ठीसोबत आहे. क्रम असा: धक्का, दीपगृह, बाजार, बारा वाजता आमचं घर. जहाजावर साडेचारला चढायचं आहे, पण आमच्या धाकटीला जन्मापासून सगळीकडे उशीर होतो. वडील असल्यापासून तिच्या बाबतीत तासभर अलीकडची वेळ धरायची आमच्या घरची रीत आहे. तेव्हा तुम्ही साडेतीन धरून चाला, आणि खरी वेळ ओठांवर येऊ देऊ नका.

आईला आज सांगितलं आहे की उद्या मुलगी येणार. तिने केस धुवून घेतले. सांभाळून आणा.

चिमणीची ताई


ता. २० मार्च, जहाजावरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुठल्या तोंडाने लिहू. गावात येऊन घरी आले नाही. वन्सं बाजारात पितळी दिवे बघत बसल्या, भावोजी घासाघीस करत बसले, आणि सव्वाबाराला तुझे मास्तर घड्याळ दाखवून म्हणाले की तीनला बंदरावर हजर व्हायलाच हवं. आत्ता निघून दीडला घरी पोचलो तरी पंधरा मिनिटांत उठावं लागेल. पंधरा मिनिटांसाठी आईला हलवून सोडायचं का, असं मनात आलं. शेवटी मागे फिरलो. माझा अगदी नाइलाज झाला. मास्तर भला माणूस आहे, पण फारच घाईचा. तू थोडा निवांत गाडीवाला बघायला हवा होतास.

खोका त्यांच्याकडे दिला आहे. शाल आईची, पर्स तुझी. पुढच्या वर्षी नीट आठ दिवस काढून येते.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
चिमणी


ता. २ एप्रिल

चि. सौ. चिमणीस,
अ. आ.

खोका मिळाला. शाल आईच्या पायांवर आहे.

मास्तरांना तू घाईचे म्हटलंस, म्हणून लिहिते. साडेतीनची वेळ मीच त्यांना दिली होती, तासभर अलीकडची, आपल्या घरच्या रीतीने; त्यात त्यांनी आपला अर्धा तास आणखी राखला. ती चूक माझी, मी पदरात घेते. पण चिमणे, तुला तर साडेचार ठाऊक होते. बाजारात उभं राहून तू एवढंच म्हणायचं होतंस की मास्तर, अजून तासभर आहे.

आणि साडेचारही नव्हते. तुम्ही पाऊण वाजता बंदरावर परत आलात तेव्हा फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, सर्व प्रवाशांनी साडेपाचपर्यंत चढावं. मास्तरांनी ते वाचलं. बाकीचे तिघं जेवायला जहाजावर गेले, तू मागे राहिलीस. मास्तर तुला म्हणाले की बाई, चला, आत्ता निघालो तर दोनला घरी, चारला निघू, सव्वापाचला परत, मायलेकींना दोन तास. तू म्हणालीस, राहू द्या, दमले. हे मला त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. त्यांना वाटलं तुला बरं नव्हतं. तुझं मन बदललं तर गाडी हाताशी असावी म्हणून ते चार वाजेपर्यंत फाटकाबाहेर थांबले. छपराखालच्या बाकावर तू एकटी कागदी कप घेऊन बसली होतीस, आणि कप रिकामा झाल्यावरही तू तो तोंडाला लावत होतीस, असं म्हणाले. मग ते खोका घेऊन माझ्याकडे आले आणि पायरीवर बसून माझीच माफी मागू लागले. सहाला तुझं जहाज निघालं. वरच्या खिडकीतून दिसतं.

आता आईचं. सकाळी सातपासून ती उशीला टेकून बसली होती. दुपारी जेवली नाही, मुलीबरोबर जेवीन म्हणाली. अंधारायला लागल्यावर तिने विचारलं, नाही का आली. मी म्हटलं, नाही जमलं तिला. तिने माझा हात थोपटला आणि मलाच समजावू लागली, की जाऊ दे चिमणे, वाईट वाटून घेऊ नकोस, ताई पहिल्यापासून तशीच, आपल्यापुरतं पाहणारी, आईबाप तिला जड झाले, तू आहेस ना जवळ.

त्या दिवसापासून रोज हेच चालू आहे. सकाळी केस विंचरताना ताईचा उद्धार होतो. मी विंचरते आणि ऐकते. लहानपणी तुझ्या वाटची बोलणी पुष्कळ खाल्ली, पण तेव्हा आईला निदान माहीत असायचं की ती कोणाला बोलते आहे.

एक मागते, नाही म्हणू नकोस. आईला एक पत्र लिही. येता आलं नाही, चुकले, क्षमा कर, एवढंच. खाली सही ताई अशी कर. तिच्या मनातून ताई उतरली आहे. मरायच्या आधी तिने तिला माफ केलेलं मला हवं आहे.

लोभाचं काय लिहू. तुला हवा तेवढा समज.

ताई


ता. १५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

आईसाठी पत्र सोबत आहे. तू सांगितलंस तशी सही केली आहे.

खरं सांगते. साडेपाच मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तू निरोप देताना दारात तासभर उभं करतेस, ह्यांचा जीव वरखाली होतो, म्हणून तुला साडेचार लिहिले. बाजारात मास्तर तीन म्हणाले तेव्हा मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं. मी मान हलवली आणि दुकानात जाऊन ह्यांना सांगितलं की चढाचा रस्ता बंद आहे.

आईबद्दलचं तुझं ते पत्र मी वाचलं नसतं तर आले असते. आईजवळ एक चिमणी आहे. रोज उठवते, न्हाऊ घालते, तिला सोडून कुठे जात नाही. मी दारात उभी राहिले असते आणि आईने ओळखलं असतं, तर ती चिमणी गेली असती आणि तिच्या जागी मी उरले असते, अकरा वर्षं तोंड न दाखवलेली. जगात एका माणसाच्या मनात मी चांगली आहे, ताई. ते माझ्याच्याने मोडवेना. तुझं काय जातं आहे हे समजत होतं. समजूनही बाकावर बसून राहिले.

लोभ माग म्हणून कोणी सांगितलं तरी आता मागवत नाही.

चिमणी


ता. २९ एप्रिल

चि. सौ. चिमणीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचलं. त्यावर उत्तर लिहायला बसले आणि दोन कागद फाडले. तू खोटं लिहीत होतीस तेव्हा मला भांडता तरी येत होतं.

आईला तिचं पत्र परवा वाचून दाखवलं. चांगलं लिहिलं आहेस. ताईने लिहिलं असतं त्याहून चांगलं. आईने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने चष्मा मागितला आणि कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाली की हे अक्षर ताईचं नव्हे. ताईचं अक्षर शाळेतल्या नन्सनी घटवून घेतलेलं, ओळ म्हणजे सरळ रूळ, वहीवर बक्षीस मिळालं होतं, आणि हे तर पाय फुटलेलं अक्षर आहे. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं असणार. आईला चार ओळी लिहायला स्वतःचा हात झिजतो तिचा. असं म्हणून तिने कागद माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

बघ, माझं अक्षर तिला अजून आठवतं. मी त्याच खोलीत उभी होते.

आज ती दुपारची झोपली आहे. तू आईला लिहिलेलं पत्र समोर ठेवून ते मी माझ्या अक्षरात उतरवून काढते आहे. येता आलं नाही, चुकले, क्षमा कर. पाकिटावर जुनं तिकीट चिकटवून उद्या टपालाने आलं म्हणून देईन.

पुढच्या वर्षीच्या आठ दिवसांचं काही ठरवू नकोस. ठरवलंस तर गाडी तुझी तू बघ.

लोभ होता. अजून असेल, शोधावा लागेल.

ताई