शिपायाच्या धुरामागे

मिलान, जानेवारी १८४८

तीर्थरूप एर्सीलियाताईंच्या चरणी ओर्तेन्सियोचा साष्टांग दंडवत (गुडघा दुखतो, म्हणून कागदावरच). तोरिनोच्या थंडीत तुझा खोकला कसा आहे?

एका घोर राष्ट्रीय संकटाकडे तुझं लक्ष वेधतो. जेवण झाल्यावर माणसाने आपल्या दोन हातांचं करायचं काय? एरवी सिगार असायचा. पण तंबाखूचा मक्ता आमच्या बोकांडी बसलेल्या ऑस्ट्रियन सरकारचा, म्हणून आम्ही मिलानकरांनी नव्या वर्षापासून धूम्रपान वर्ज्य केलंय. आणि हे व्रत ज्या ओजस्वी पत्रकाने लोकांच्या गळ्यात बांधलं ते (निनावी, म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक) माझंच. तेव्हा चोरून ओढायचीही सोय नाही. कोपऱ्यावर चेस्टनट भाजणारी बिब्याना माझ्या मिशांचा वास घेऊन मगच पुडी देते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मास्तर, पत्रक तुम्ही काढलंत, झुरतोय मात्र माझा नवरा."

गेल्या सोमवारी एक धिप्पाड ऑस्ट्रियन शिपाई आम्हाला खिजवायला तोंडात दोन-दोन सिगार धरून चालला होता. वारा नेमका माझ्याकडे. पाय आपोआप त्याच्या मागे निघाले. (लॅटिन काव्यात दैव नायकाला असंच ओढून नेतं, इतकी वर्षं शिकवतोय, पटलं आत्ता.) तो वळला की मी वळे, तो थांबला की मी थांबून दीर्घ श्वसन करी. मागे पाहतो तर अर्धी गल्ली, आणि सगळ्यांच्या पुढे बिब्याना, हातात झारा. मास्तर एकटेच शिपायाला जाब विचारायला निघालेत, अशी सर्वांची समजूत. शिपायाने दोन्ही सिगार चिखलात टाकून धूम ठोकली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. त्या थोटकांकडे पाहून माझे डोळे भरून आले, ते देशभक्तीच्या खाती जमा झाले.

गर्दीत आपला तुल्लियोही होता. माझ्या लिखाणाला नाक मुरडणारा माझा एकुलता एक मुलगा प्रथमच माझ्याकडे अभिमानाने बघत होता. खरं सांगणार होतो, पण त्या नजरेची चटक सिगारपेक्षा वाईट निघाली.

असो. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
ओर्तेन्सियो

ता. क. मोजे पोचले. डावा फार मोठा आहे.

ता. क. तुल्लियो काल पहाटे तुमच्या तोरिनोच्या राजाच्या फौजेत, ऑस्ट्रियाशी लढायचं म्हणून, भरती व्हायला निघून गेला. बिब्यानाला सांगून गेला, "बाबा एकटे शिपायामागे गेले, मग मी घरी कसा बसू?" तो आधी तुझ्याकडे जेवायला येईल. पोटभर वाढ, आणि मग हे पत्र वाचून दाखव. धुराचा भाग दोनदा. हसू दे, चिडू दे, मला आयुष्यभर भित्रा म्हणू दे. फक्त त्याला ठेवून घे. ताई, मला फार भीती वाटते.