चौकटीवरचे सात हात

३ जून
आलो एकदाचे! घर साठ वर्षांचं, पण हाडापेरानं मजबूत. हिरवट मोझॅकच्या लाद्या, विजेची काळी गोल बटणं, भिंतीत बसवलेली सागवानी कपाटं, आणि दिवाणखान्यातून थेट बागेकडे उघडणारी लांबलचक खिडकी. मला तर काय करू नि काय नको असं झालंय. नवरोबाचं म्हणणं, सगळं उपटून नवं कोरं करू. मी ठणकावून सांगितलं की या घरातला एक खिळाही मला विचारल्याशिवाय हलणार नाही. मग मलाही आहे तसाच ठेव म्हणाला, आळशी कुठला! भिंगरी, आमची साडेसात वर्षांची लेक, नावाप्रमाणे लाद्यांवर गरागरा फिरत सुटली. काल पडलेला तिचा पुढचा दात मी डबीत जपून ठेवलाय.

९ जून
रंगारी आला. माणूस कामाला वाघ, बोलायला मात्र कंजूष. भिंगरीच्या खोलीच्या चौकटीवर रंगाचे चक्क सात हात निघाले. पांढरा, पिस्ता, पुन्हा पांढरा, गुलाबी, असे करत सगळ्यात खाली काळा, डांबरासारखा जाड. रंगारी म्हणाला, हा कुणीतरी मुद्दाम फासलाय, राहू द्या बाई, वरून नवा हात मारून देतो. मी कसली ऐकते! मूळचं लाकूड दिसेपर्यंत खरवडा म्हणून मागेच लागले.

१२ जून
लाकूड उघडं पडलं, आणि त्यावर पेन्सिलीच्या रेघा! कुण्या आईनं लेकीची उंची मांडून ठेवलीय. मला भरूनच आलं. सात रेघा, प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात तारीख. गंमत म्हणजे तारखा उलट्या. सगळ्यात वर १५ जून, तिच्याखाली १७, मग १९, आणि शेवटची, गुडघ्याएवढी, २७ जून. बाईंचा काहीतरी घोळ झालेला दिसतोय. रंगाऱ्याला पॉलिशपेपर लावू दिला नाही. रेघा तशाच ठेवून वरून नुसतं पॉलिश करून घेतलं.

१५ जून
भिंगरीला चौकटीशी उभं केलं. वरच्या रेघेला डोकं बरोब्बर टेकलं, केसाचंही अंतर नाही! ती खिदळत सुटली. मीही हसले.

१७ जून
शाळेचा फ्रॉक अचानक घोट्यापर्यंत येतोय. धुऊन ताणला असेल, असं स्वतःला समजावलं. मग दात घासताना तिनं आ केला आणि माझ्या हातून ब्रश पडला. पडलेला दात जागेवर होता. दुधाचाच. धावत जाऊन डबी उघडली तर रिकामी.
ती दुसऱ्या रेघेला टेकते.

१९ जून
डॉक्टर म्हणाले, मूल अगदी ठणठणीत आहे, आधी मोजताना तुमची चूक झाली असेल. नवरोबालाही तसंच वाटत होतं. संध्याकाळी सुताराचा टेप आणून त्यानं स्वतः दोनदा मोजलं आणि तिसऱ्या रेघेपाशी टेप टाकून दिला.
भिंगरीला तिचं आवडतं पुस्तक दिलं. अक्षरं ओळखू येत नाहीत म्हणाली.

२१ जून
समोरच्या मास्तरांकडे गेले. ऐंशी ओलांडलेत, पण आठवण लख्ख. पहिल्या मालकिणीला एकच मुलगी होती म्हणाले. एका जून महिन्यात ती नाहीशी झाली, कशी ते कुणालाच कळलं नाही. नंतर त्या बाईनं चौकट स्वतःच्या हातानं काळी केली आणि दारोदार जाऊन विनवलं, हा रंग कधी कुणी काढू नका. पुढे आलेल्या प्रत्येकानं तिचा शब्द पाळून वरून आणखी एक हात मारला.
मीच तेवढी खरवडणारी निघाले. मी. मूळचं हवं म्हणून.

२३ जून
काळा रंग दिला. तीनदा. तासाभरात सायीसारखा सुटून येतो, खाली रेघा तशाच.
परवा रात्रीच तिला घेऊन नणंदेकडे गेलो होतो, चार तासांवर. आज पहाटे तिथल्या पलंगावर ती आणखी लहान — कपडे तिच्या अंगावरून गळून पडत होते. परत आलो. जे करायचं ते इथेच, चौकटीपाशी.

२५ जून
सुतारानं चौकट कापून काढली. मीच सांगितलं, तोडा, जाळा, काहीही करा. मागे विटांवर त्याच रेघा. त्याच तारखा. सुतार हत्यारं टाकून गेला.
ती आता रांगते. फक्त आई म्हणता येतं. तेवढंच सारखं म्हणतेय.

२६ जून
आई म्हणणंही —

२७ जून
तिच्याच फ्रॉकात गुंडाळून मांडीवर घेतलीय. डाव्या हातानं धरलीय, उजव्यानं लिहितेय. लिहीत राहिले तर — माहीत नाही. दवाखान्यातून आणली त्या दिवशी एवढीच होती. नवरोबा विटा फोडतोय. घाव थांबत नाहीत, रेघा जात नाहीत.
माझं बोट मुठीत घट्ट धरलंय. ऊब आहे. भिंगरे, मला माफ कर गं, मला फक्त घर —
ऊन खिडकीतून लाद्यांवर उतरलंय. घर अगदी मूळचं दिसतंय.
बोट सुटलं.
मांडीवर नुसता फ्रॉक आहे, आत —