रांजणाखालच्या कुप्या

फुलसावंगी

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. इतक्या दिवसांनी आज पत्र लिहायला बसले, त्याला कारण तुमची लेक. काल कमल माहेरी राहायला आली. चहा नाही, पाणी नाही, सरळ रांजणाशी गेली आणि पिशवीतल्या इंजेक्शनच्या कुप्या खालच्या ओल्या वाळूत पुरायला लागली! मी ओरडले, "काय करून राह्यली वो कमल?" तर म्हणते, "गरम औषध हाये ना वहिनी, थंडाव्यात ठेवून राह्यली." मी आधी खूप हसले. मग मोरीत जाऊन रडले.

तिची दोन पोटातच गेली, ते तुम्ही पाहिलंत. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत, दुसरा महिना चालू आहे. पुसदच्या आपल्या त्याच डॉक्टरीणबाईंनी तिला तीच सुई लिहून दिलीय, दर आठवड्याला एक. मला दिली होती ती.

आठवतं ना? माझीही दोन गेली होती. डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, की गर्भ धरून ठेवणारं एक द्रव्य बाईच्या अंगात आपोआप तयार होतं, ते माझ्यात कमी पडत असावं. नेमकं किती कमी, हे मोजायची सोय इथे नाही, म्हणून अंदाजानंच बाहेरून द्यायचं. मी सातवी पास, मला लगेच पटलं. मान तर तुम्हीही डोलावली होतीत.

पण आपले रहीमभाई कंपाउंडर पहिली सुई देताना सहज बोलून गेले, की हे औषध तिळाच्या तेलात कालवलेलं असतं. झालं! तुमचा चेहरा खर्रकन उतरला. तीळ? दोन जिवांच्या बाईला? त्या संक्रांतीला तुम्ही मला तिळाचा एक दाणासुद्धा चाखू दिला नव्हता. हळदीकुंकवाला मिळालेला तीळगूळ माझ्या हातातून काढून घेतला होता आणि स्वतःच खाल्ला होता. मला किती राग आला होता तेव्हा!

मग तुम्ही काय केलंत? घरात उरलेल्या कुप्या कुणाला न सांगता रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरल्यात. पुढच्या बाजाराच्या दिवशी रहीमभाई सायकलवरून आले. कुपी फोडायला घेतली तर आतलं तेल रवाळ तुपासारखं झालेलं. "अम्मा, हे काय केलं? दवाई तर जमून गेली!"

"तिळाचं तेल उष्ण असते ना बापू. मले वाटलं, थंडाव्यात ठेवलं तं त्याची गर्मी निघून जाईन," तुम्ही चोरट्यासारख्या म्हणालात.

आणि मी? माझं तोंड आधीच तिखट, त्यात पोटातलं तिसरंही जातं की काय ही धास्ती. परक्या माणसादेखत मी तुम्हाला म्हणाले, "तुम्हाले हे लेकरू नकोच हाये!"

कशी बोलले हो मी? कुणाला बोलले?

ऊब दिली की औषध विरघळेल, असं रहीमभाई म्हणाले. तेव्हा तुम्ही ती कुपी मुठीत घेतलीत, मूठ पदराखाली छातीशी धरलीत आणि अंगणात उन्हात जाऊन बसलात. रहीमभाईंचा बाजार उरकला तरी तुम्ही हलला नव्हतात. मूठ उघडली तेव्हा औषध स्वच्छ झालं होतं.

त्यानंतर दर आठवड्याला तुम्ही तशाच बसायच्या. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, म्हणून शेजारणींना सांगायच्या, "माह्या गुडघ्याले सुई देते तो." आणि खरं वाटावं म्हणून लंगडायच्याही! एकदा पाण्याला जाताना उजवा पाय ओढला आणि येताना डावा. मी दारात उभी राहून हसू दाबत होते.

महाराष्ट्र झाला त्याच साली आपली शालू झाली. आता तिसरीत आहे आणि माझ्याइतकीच तोंडाळ आहे. परवा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, शालू त्या सुयांमुळेच राहिली ना? त्या म्हणाल्या, तसं छातीठोक सांगता येत नाही बाई, काही गर्भ आपसूकही टिकतात. मग कशानं राहिली हो? मला काही ते कळत नाही. उन्हात बसलेल्या तुम्ही तेवढ्या दिसता.

पण आत्याबाई, एवढ्या वर्षांत एकदा तरी मला झापायचं होतंत! तुम्ही तो विषय कधी काढलाच नाहीत, मग मी माफी मागू तरी कशी? तुमच्या शेवटच्या आजारपणात पाय चेपताना दोनदा माझ्या ओठांवर आलं होतं. दोन्ही वेळा मी एवढंच विचारलं, "पाणी देऊ का?" आणि तहान नसताना तुम्ही दोन्ही वेळा पाणी प्यायलात. तुम्हाला कळलं होतं का?

आज मागते. चुकले मी. ते लेकरू तुम्हाला जितकं हवं होतं, तितकं मलाही नव्हतं.

कमलच्या कुप्या मी वाळूतून काढून फडताळात ठेवल्यात. दर बाजाराच्या दिवशी तिची कुपी पदराखाली धरून मी उन्हात बसेन. शेजारणींनी विचारलं तर माझाच गुडघा दुखतोय म्हणेन आणि लंगडेन. उजवा पाय, पक्कं ठरवलंय. आणि धास्तीनं कमल मला कधी वेडंवाकडं बोललीच, तर मी उलट शब्द बोलणार नाही. मूठ मात्र उघडणार नाही.

तुमची तोंडाळ सून,
सुमन