पिकअपचं ॲव्हरेज

रायस्वाइक, मे २०२१

तीर्थरूप बाबा, इथूनच पाया पडतो.

आम्ही सगळे बरे आहोत. आई गेल्यापासून तुम्ही फोनवर फक्त पिकअपचं ॲव्हरेज विचारता. तुम्ही शिकवलंत तसं टाकी फुल करून पुन्हा काढलं. हायब्रिड असून, लिटरला दहा द्यायची ती आता सातच देते. एवढी मोठी गाडी परवडत नाही, पण विकवतही नाही.

इंजिनात बिघाड नाही, बाबा. विमानं बंद झाली आणि आईला शेवटचं पाहता आलं नाही. घरात मुलांसमोर रडता येत नाही. मे महिन्यातही इथे गारठा आहे, म्हणून हीटर लावून दारातल्या गाडीत बसून राहतो. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं आणि जागच्या जागी पेट्रोल जळतं.

तुम्ही कुठे जाऊन बसता?

तुमचा,
आशुतोष